वीस मिनिटांची वाट

भिलाईपासून समुद्र फार दूर आहे. जवळचे मोठे बंदर म्हणजे विशाखापट्टणम, आणि तिथे पोहोचायला रेल्वेत एक रात्र काढावी लागते. तरीही २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला 'आयएनएस विक्रांत' नौदलात दाखल झाली, तेव्हा आमच्या सेक्टरमधील निवृत्त मंडळी टीव्हीसमोर अशी बसली होती, जणू घरचेच कार्य आहे. त्याला कारणही होते. विक्रांतसाठी लागलेले सुमारे ३०,००० टन खास पोलाद 'सेल'च्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांतून गेले. भिलाईच्या प्लेट मिलमध्ये लाल तापलेले पोलाद रुळांखाली दाबून त्याच्या प्लेटा होतात, आणि समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसांच्या हातून त्या पुढे जातात.

मी याच गावात वाढलो, सहावीत तुमच्यासारखाच खाकी गणवेश घालून शाळेत आलो आणि पुढे व्यापारी जहाजांवर इंजिनिअर झालो. मराठी पानासाठी 'जहाजाचे मुख्य इंजिन सुरक्षितपणे कसे चालवतात' यावर लिही, असे सरांनी सुचवले. सूचना सोपी आहे, पण विषय पुस्तकी होण्याची भीती वाटते. म्हणून मी जे हाताने केले आहे तेवढेच लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. विक्रांतला चार गॅस टर्बाइन आहेत. विमानाच्या इंजिनाची ती भावंडे. माझे आयुष्य गेले ते संथ फिरणाऱ्या मोठ्या डिझेल इंजिनांवर. मालवाहू जहाजाचे असे इंजिन तीन मजली घराएवढे उंच असते. ज्या इंजिनाबद्दल मी पुढे सांगणार आहे त्याला सहा सिलिंडर होते, प्रत्येकाचा व्यास ६० सेंटिमीटर. पिस्टन सव्वादोन मीटरहून अधिक खाली-वर होत असे. पूर्ण वेगात इंजिन मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेते, म्हणजे तुमच्या मोटरसायकलच्या मानाने ते जवळजवळ झोपलेलेच असते. त्याला ना क्लच, ना गिअर. इंजिनाचा दांडा थेट पंख्याला जोडलेला. जहाज मागे न्यायचे असेल, तर इंजिन थांबवून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावे लागते.

आणि ते सुरू होते हवेवर. मोठ्या टाक्यांत साधारण ३० बार दाबाची हवा भरून ठेवलेली असते; ती सिलिंडरमध्ये सोडली की पिस्टन ढकलला जातो, इंजिन फिरू लागते आणि मग इंधन दिले जाते. अशा उलट-सुलट फिरणाऱ्या इंजिनासाठी, टाक्या पुन्हा न भरता किमान बारा वेळा इंजिन सुरू करता येईल एवढी हवा हवी, असा नियमच आहे. बंदरात शिरताना पायलट 'पुढे', 'थांबा', 'मागे' असे हुकूम सोडत असतो, तेव्हा हे बारा आकडे मनात मोजले जातात.

माझे वडील मूळचे भंडारा जिल्ह्यातले. नागपूर-हावडा मार्गावरची कित्येक मराठी कुटुंबे पोटासाठी भिलाईला उतरली, त्यांतलेच आमचे एक. ते पॉवर अँड ब्लोइंग स्टेशनमध्ये होते. पोलाद कारखान्यात झोतभट्टी सगळ्यांना ठाऊक असते; भट्टीला फुंकणारे यंत्र कोणी विचारत नाही. वाफेच्या टर्बाइनवर चालणारे ते ब्लोअर अचानक बंद पडले, तर भट्टीतला वितळलेला मळ हवेच्या नळ्यांत उतरतो आणि भट्टीतला विषारी, पेटणारा वायू उलटा येऊ शकतो. लहानपणी मी बाबांना विचारले होते, की मशीन बंद झाल्यावरही तुम्ही घरी उशिरा का येता? ते म्हणाले, "मशीन थांबली म्हणजे काम संपलं नाही रे बाबू. गरम रोटर एका जागी उभा राहिला तर वाकडा होते. त्याले हळूहळू फिरवत ठेवा लागते, थंडा होतपर्यंत."

टर्बाइन थांबल्यावर आतली गरम वाफ वर चढते, रोटरची वरची बाजू गरम आणि खालची त्या मानाने थंड राहते, आणि दांडा केसभर वाकतो. पुढच्या वेळी तो तसाच पळवला तर यंत्राचा चुराडा. म्हणून एक छोटी मोटर जोडून रोटर अगदी सावकाश फिरवत ठेवतात. जहाजाच्या इंजिनालाही अशी मोटर असते. तिला आम्ही टर्निंग गिअर म्हणतो. तिचे काम वेगळे, पण तिच्याकडे पाहताना मला दर वेळी बाबांची रात्रपाळी आठवते.

तर, प्रत्यक्ष काम. जहाज सुटण्याच्या काही तास आधी इंजिन गरम करायला घेतात. सिलिंडरभोवतीचे पाणी तापवून फिरवत ठेवायचे; थंड लोखंडात एकदम ज्वाला पेटवली तर ते तडकते. मग वंगण तेलाचा पंप. मग टर्निंग गिअर लावून इंजिन पूर्ण फेरे फिरवायचे, आणि हे करताना प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावरचा इंडिकेटर कॉक उघडा ठेवायचा. या छोट्या तोट्या फार महत्त्वाच्या. रात्रीतून एखादी गळती होऊन सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल, तर ते इथून बाहेर येते. पाणी दाबले जात नाही. तोट्या बंद ठेवून हवा सोडली, तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि माणसाच्या मांडीहून जाड दांडा वाकतो.

फायरिंग रेंजवर 'जाँच शस्त्र' हा हुकूम तुम्ही ऐकता. रायफल रिकामी आहे हे तुम्हाला ठाऊक असते, उस्तादांनाही ठाऊक असते, तरी बोल्ट मागे ओढून चेंबर दाखवावेच लागते. इंडिकेटर कॉक म्हणजे आमचे 'जाँच शस्त्र'. मला जहाजावर पहिल्याच आठवड्यात हे पटले, त्याचे श्रेय उस्तादांना. शाळेत मात्र आम्ही त्या हुकमाला कंटाळायचो.

त्यानंतर टर्निंग गिअर काढायचा. तो लागलेला असताना हवा सुटू नये म्हणून कुलूपबंदी असते, तरीही आम्ही खाली जाऊन डोळ्यांनी पाहतो. मग ब्रिजला फोन: "इंजिन फिरवून पाहतो आहे, पंख्याजवळ काही आहे का?" हा प्रश्न औपचारिक नाही. बंदरात जहाजाच्या मागच्या बाजूला दोर धरणाऱ्यांच्या होड्या असतात, कधी कोळ्यांची होडी सावलीला थांबलेली असते. इंजिन रूममधून समुद्र दिसत नाही. वरच्या माणसाने वाकून पाहून 'मोकळे आहे' म्हटल्याशिवाय हवेच्या हँडलला हात लावायचा नाही. होकार आला की तोट्या उघड्या ठेवून नुसत्या हवेवर एक झटका. काय बाहेर पडते ते सहाही तोट्यांवर पाहायचे. मग तोट्या बंद, आणि इंधनावर पुढे एकदा, मागे एकदा. एवढे झाल्यावर आम्ही ब्रिजला 'इंजिन तयार' असे कळवतो.

इंजिन चालू असतानाचे काम त्या मानाने सोपे, पण कंटाळवाणे. फेऱ्या मारायच्या, आकडे लिहायचे, आणि हात लावून पाहायचा. सुरुवातीच्या हवेचा एखादा नळ इतरांपेक्षा गरम लागला, तर त्या सिलिंडरची झडप गळते आहे आणि ज्वाला नळात शिरते आहे. एखाद्या सिलिंडरच्या धुराचे तापमान चढू लागले आणि खालची हवेची पेटी तापली, तर आत साचलेल्या तेलकट काजळीने पेट घेतला असण्याची शक्यता. तेव्हा वेग कमी करायचा, त्या सिलिंडरचे इंधन तोडायचे, वंगण वाढवायचे आणि पेटी थंड झाल्याशिवाय उघडायची नाही. कोकणातले जुने खलाशी या कामात वाकबगार. कोळशाच्या जहाजांच्या काळात भट्टीवरच्याला 'आगवाला' आणि वंगण घालणाऱ्याला 'तेलवाला' म्हणत. आता पाटीवर 'ऑइलर' लिहितात. दापोली-रत्नागिरीकडच्या घरांत आजोबांची ओळख मात्र अजून जुन्याच नावाने सांगतात.

इंजिनाला सर्वात मोठा धोका आगीपेक्षाही धुक्याचा असतो. इंजिनाच्या तळाशी, जिथे क्रँकशाफ्ट फिरतो, ती बंद पेटी म्हणजे क्रँककेस. आत तेल सतत शिंपडले जात असते. ते थेंब मोठे असतात, सहज पेटत नाहीत. पण एखादे बेअरिंग घासून अति तापले, की त्यावर पडणाऱ्या तेलाची वाफ होते आणि ती जरा थंड भागात जाऊन तिचे अतिशय बारीक, पांढरे धुके बनते. हे धुके हवेत पुरेसे साचले, आणि तेच तापलेले बेअरिंग जर पुरेसे गरम असले, तर स्फोट होतो. पहिला स्फोट बहुधा लहान असतो. तो आतली हवा बाहेर फेकतो, आत पोकळी होते, आणि कुठे दार फाटले असेल तर त्यातून ताजी हवा आत ओढली जाते. दुसरा स्फोट त्या हवेवर होतो. माणसे मरतात ती बहुतेक या दुसऱ्या स्फोटात.

११ सप्टेंबर १९४७ रोजी 'रैना डेल पॅसिफिको' हे ब्रिटिश प्रवासी जहाज दुरुस्तीनंतर उत्तर आयर्लंडजवळ चाचणीसाठी समुद्रात होते. एका इंजिनातल्या तापलेल्या पिस्टनपासून सुरुवात झाली आणि चारही इंजिनांच्या क्रँककेस फुटल्या. २८ माणसे गेली. चाचणी असल्यामुळे इंजिन रूममध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसे होती, हे वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. त्या अपघातानंतर या विषयाचा कसून अभ्यास झाला. आज आमच्या क्रँककेसच्या दारांवर दाब सोडून लगेच बंद होणाऱ्या झडपा असतात, ज्वाला अडवणाऱ्या जाळ्या असतात, आणि आतली हवा सतत तपासणारे तेलधुके-शोधक यंत्र असते.

हे यंत्र माझ्यासमोर खऱ्या अर्थाने एकदा वाजले. मी सेकंड इंजिनिअर होतो. आमच्याच छत्तीसगडच्या बैलाडिलाचे लोहखनिज विशाखापट्टणमला भरून आम्ही चीनकडे निघालो होतो. मलाक्काची सामुद्रधुनी. पहाटे पाचचा सुमार, माझी चार ते आठची पाळी. मी कंट्रोल रूममध्ये, आणि माझा ऑइलर, दापोलीकडचे वयस्कर चाचा, खाली फेरीवर. अलार्म झाला, चौथ्या युनिटचा दिवा लागला आणि इंजिनाचा वेग आपोआप उतरू लागला.

आधी चाचा. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून आमची खूण ठरलेली होती: टॉर्च तीनदा फिरवली की हातातले सोडून वर यायचे, आणि क्रँककेसच्या दारांसमोरून यायचे नाही. मी दार उघडून वरूनच टॉर्च फिरवली. चाचांनी तेलाची झारी तिथेच ठेवली आणि मागच्या जिन्याने आले. साठीच्या जवळ आलेला माणूस, एवढ्या वेगाने जिना चढताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मग ब्रिजला फोन, चीफसाहेबांना फोन. चीफ मडगावचे, मितभाषी. लुंगीवरच आले, आकडा पाहिला आणि कॅप्टनना म्हणाले, "इंजिन थांबवावे लागेल." पलीकडून उत्तर आले, की मागून एक टँकर येतो आहे, डावीकडे दुसरे जहाज आहे, मला पंधरा मिनिटे द्या.

छात्रमित्रहो, इथे पुस्तक संपते. कॅप्टनचे म्हणणे खोटे नव्हते. सत्तर हजार टन माल घेऊन चाललेल्या जहाजाला ब्रेक नसतो, आणि जगातल्या सर्वात गजबजलेल्या जलमार्गांपैकी एकात इंजिनाविना तरंगणे म्हणजे दुसऱ्या अपघाताला आमंत्रण. चीफसाहेबांनी आवाज न चढवता सांगितले, "पंधरा नाही. अगदी मंद वेगावर पाच मिनिटे देतो, ताबा ब्रिजवर घ्या. माझी माणसे मी वर काढतो. पाच मिनिटांनी इंजिन बंद. पुढे जहाजाच्या गतीवर जा." ताबा वर गेला. आम्ही बाहेर पडलो, डेकवर माणसे मोजली, वरची झरोक्याची झडपे उघडली, इंजिन रूमची दारे लावली, होज पसरले. पाच मिनिटांनी इंजिन थांबले. मस्तुलावर दोन लाल दिवे एकाखाली एक लागले. त्यांचा अर्थ, हे जहाज स्वतःच्या ताब्यात नाही, दूर राहा. उरलेल्या गतीवर कॅप्टननी जहाज मार्गाच्या कडेबाहेर काढले आणि नांगर टाकला. फार सुरेख काम केले त्यांनी, हे सांगायला हवे.

आणि मग वाट. इंजिन थांबल्यापासून किमान वीस मिनिटे क्रँककेस उघडायची नाही, असे इंजिन बनवणाऱ्यांचे पुस्तक सांगते. कारण गरम जागा अजून गरमच असते, आणि दार उघडणे म्हणजे तिला हवी ती हवा आपल्या हाताने पुरवणे. वंगणाचा पंप मात्र चालूच ठेवायचा. तेलच त्या जागेला थंड करते. ऐकायला वीस मिनिटे काही नाहीत. डेकवर उभे राहून ती मोजून पाहा. ब्रिजवरून दर चार-पाच मिनिटांनी विचारणा: उघडले का? काय दिसते? कंपनीला काय कळवू? तरुण फोर्थ इंजिनिअरची चुळबूळ चालली होती; एकच दार, जरासे किलकिले करून पाहू या का, असे त्याने दोनदा म्हटले. चाचा बोलार्डवर बसून होते. ते म्हणाले, "बाबा, भात शिजताना झाकण काढलंस तर वाफ तोंडावर येते. इथं तर वाफ पण नाय."

चीफसाहेबांनी वीसऐवजी चाळीस मिनिटे घेतली. मग पंप थांबवला, हवेच्या टाक्या बंद केल्या, टर्निंग गिअर लावला आणि एका बाजूची खालची दारे उघडली. कोणी सिगारेट पेटवायची नाही, साधा दिवा न्यायचा नाही. चौथ्या युनिटच्या क्रॉसहेड बेअरिंगखाली पांढऱ्या धातूचे पातळ पापुद्रे पडलेले होते, चांदीच्या वर्खासारखे. चाळीस मिनिटांनंतरही त्या जागी हात टिकत नव्हता. जहाजावर सुटे बेअरिंग होते. ते बसवायला आम्हाला दीड दिवस लागला, त्यात झोप कोणालाच मिळाली नाही.

सुट्टीवर आलो तेव्हा ही हकिगत घरी सांगितली. आईने ती अर्धीच ऐकली आणि देवघरात गेली. बाबांनी मात्र पंप चालू ठेवला होता का, एवढेच विचारले. नंतर बराच वेळ ते गप्प होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाईत कोक ओव्हन गॅसच्या पाइपलाइनवर काम चालू असताना आग लागली आणि दहाहून अधिक कामगार गेले. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते, तरी त्या आठवड्यात ते रोज कोणाच्या तरी दारी जाऊन येत होते. यंत्रावर काम करणाऱ्या गावात अशा तारखा कॅलेंडर न पाहता आठवतात.

पालकांपैकी काही जण मला विचारतात, की ही नोकरी सुरक्षित आहे का? माझे प्रामाणिक उत्तर असे, की इंजिन सुरक्षित नसते. ते दर पाळीला सुरक्षित करून घ्यावे लागते. आपला मुलगा यात टिकेल का हे पाहायचे असेल, तर त्याच्या गणिताच्या गुणांइतकेच याकडेही लक्ष द्या, की स्वयंपाकघरातला गॅस बंद केल्यावर तो पुन्हा एकदा बटणाकडे पाहतो का. मी जहाजावर येणाऱ्या नव्या कॅडेटमध्ये हेच पाहतो.

मागच्या फेरीत अशाच एका कॅडेटने मला ही हकिगत ऐकून विचारले, "सर, अलार्म खोटा निघाला असता तर?" प्रश्न चांगला होता. खोटे अलार्मही मी पाहिले आहेत, आजवर दोन. दोन्ही वेळा शोधक यंत्राच्या काचेवर तेलाचा थर बसला होता. दोन्ही वेळा आम्ही इंजिन थांबवले, माणसे वर काढली आणि घड्याळ लावून पूर्ण वीस मिनिटे थांबलो. मग दारे उघडली, सगळी बेअरिंगे हाताने चाचपली, काहीही सापडले नाही, काच पुसली. लॉगबुकात तेवढेच लिहिले. एकदा कॅप्टन रागावले होते. दुसऱ्या जहाजावरच्या कॅप्टननी आमच्यासाठी खाली चहा पाठवला.